पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो: दोष नेमका कुठे शोधायचा?

जूनमधला पहिला दणकून पाऊस झाला की पुण्यात कोथरूड असो, सिंहगड रोड असो की वाकड, मला येणारे फोन सारखेच असतात. "दादा, मेनशेजारचं ते रुंद बटण सारखं खाली पडतंय. वर केलं की थोडा वेळ राहतं, परत पडतं. बाकीचे एमसीबी मात्र जागच्या जागी आहेत." ते रुंद बटण म्हणजे आरसीसीबी, करंट कुठे गळू लागला की घराची वीज तोडणारा ब्रेकर. यातल्या बऱ्याच घरांत आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं आणि तोडगाही सांगून गेलेलं असतं: आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो, कटकट मिटेल.

कटकट मिटते, हे खरं. गळती मात्र तशीच राहते आणि ती सांगणारं घरात काही उरत नाही. कितीही वैताग आला तरी डायरेक्ट करू देऊ नका. सारखा पडणारा आरसीसीबी स्वतः बिघडलाय, असं फार कमी वेळा निघतं. बहुतेक वेळा तो बरोबर असतो आणि घरात कुठेतरी करंट खरोखरच जमिनीत चाललेला असतो. तो कुठे चाललाय हे शोधायचं निम्मं काम डीबीचं (हे सगळे ब्रेकर बसवलेल्या खोक्याचं) झाकण न उघडता तुम्हाला स्वतःला करता येतं.

पडतो म्हणजे काय होतं

फेज आणि न्यूट्रल दोन्ही आरसीसीबीतून जातात. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर तो गप्प राहतो. फरक पडला, की थोडा करंट तिसऱ्याच वाटेने गेला: गिझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून नाहीतर माणसाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. मानकाप्रमाणे १५ पर्यंत तो पडता कामा नये आणि ३० ला ०.३ सेकंदांच्या आत पडलाच पाहिजे. गळती १५० मिलिअँपिअर असेल तर ०.०४ सेकंदांत. ओल्या अंगाने २३० व्होल्टला हात लागला तर शरीरातून दोनशेच्या आसपास मिलिअँपिअर जाऊ शकतात, म्हणून हे आकडे एवढे घट्ट ठेवलेत.

"पण एमसीबी आहे की!" हे मला हमखास ऐकावं लागतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघतो, माणूस बघत नाही. आणि पुण्यात तर त्याच्या भरवशावर राहणं जास्तच धोक्याचं आहे. इथे जरासा मुरूम लागला की खाली काळा कातळ. अर्थिंगचा खड्डा हवा तेवढा खोल जात नाही, उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहमपर्यंत सहज जातो. अशा इमारतीत गिझरचा फेज पत्र्याला टेकला तर अर्थमधून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जातील. गिझरचा एमसीबी असतो १६ किंवा २० अँपिअरचा. साडेअकराला तो ढिम्म हलत नाही. सी टाईपचा १६ चा एमसीबी तडकाफडकी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तोपर्यंत गिझरचा पत्रा आणि त्याला जोडलेला लोखंडी पाइप, नळ, सगळ्यांत करंट उतरलेला, आणि डीबीवर मात्र सगळं आलबेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी याच ठिकाणी क्षणात पडतो.

आधी घरच्या घरी

हात कोरडे करा, पायांत रबरी चपला घाला. भिंतीला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा डीबीतच पाणी उतरलेलं दिसत असेल, तर पुढचं काहीही करू नका. मीटरजवळचा मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

तसं काही नसेल तर मेन सोडून डीबीमधले बाकीचे सगळे एमसीबी खाली करा आणि मग आरसीसीबी वर करून बघा. काही आरसीसीबींची दांडी पडल्यावर मध्येच अडकते. ती आधी पूर्ण खाली दाबून मगच वर न्यायची असते. हे माहीत नसल्यामुळे "वरच राहत नाही" म्हणून नवा आणलेली घरं मी बघितली आहेत.

आरसीसीबी वर राहिला, तर एकेक एमसीबी वर करत जा. प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याला आरसीसीबी पडला, ते सर्किट पकडलं. आता त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल उपकरणात तसाच जोडलेला राहतो आणि दोष न्यूट्रलच्या बाजूला असेल तर स्विच बंद असूनही आरसीसीबी पडतो. पिना काढल्यावर पडायचा थांबला, तर एकेक वस्तू लावून दोषी कोण ते ठरवा. पिना काढूनही पडत असेल, तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये, बोर्डमध्ये किंवा दिव्या-पंख्याच्या पॉइंटवर आहे.

एवढं करताना एमसीबी वर करायचा क्रम एकदा बदलूनही बघा. पहिल्या वेळी बेडरूमच्या एमसीबीला पडला आणि उलट क्रमाने किचनच्या एमसीबीला, असं झालं तर एकच मोठा दोष नसून थोडीथोडी गळती साठतेय. ते वेगळं प्रकरण आहे, खाली लिहिलंय.

सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी वर राहत नसेल, तर बहुतेक लोक आणि काही वायरमनसुद्धा "बघा, आरसीसीबीच गेलाय" म्हणून मोकळे होतात. थांबा. घरातले एमसीबी बहुधा एक-पोल असतात, ते फक्त फेज तोडतात. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल त्या वेळीही आरसीसीबीखालच्या न्यूट्रल लिंकला, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीला, जोडलेलेच असतात. त्यातला एखादा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असेल, तर बाहेरून येणाऱ्या न्यूट्रलवर असलेले चार-दोन व्होल्टसुद्धा आरसीसीबी पाडायला पुरतात. शेजाऱ्यांचे एसी चालू असले की हे व्होल्टेज वाढतं, त्यामुळे रात्री पडतो आणि सकाळी राहतो असंही होतं.

हाच दोष आणखी एका प्रकारे फसवतो. न्यूट्रल अर्थला टेकलेला असताना परत जाणारा करंट दोन वाटांनी फुटतो. जेवढा लोड मोठा, तेवढा अर्थमधून जाणारा वाटा मोठा. मग इस्त्री लावली की पडतो, मिक्सर लावला की पडतो, पण दोष ना इस्त्रीत असतो ना मिक्सरमध्ये. इस्त्री बदलली, मिक्सर दुरुस्तीला दिला, तरी पडतोच, अशी तक्रार आली की मी न्यूट्रलवरच संशय घेतो. हे शोधायला मेन बंद करून लिंकवरचा एकेक न्यूट्रल सोडवावा लागतो आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावावा लागतो. ते वायरमनचं काम, तुम्ही करू नका. पण "सगळे एमसीबी खाली असतानाही पडतो" हे एक वाक्य तुम्ही त्याला फोनवर सांगितलंत, तर तो आरसीसीबी बदलायच्या तयारीने येण्याऐवजी मेगर घेऊन येईल.

गिझर, आणि पुन्हा गिझर

पावसाळ्यातल्या तक्रारींमध्ये मी पहिल्यांदा गिझरकडे जातो. गिझरच्या कॉइलमध्ये तापणारी तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड दाबून भरलेली असते आणि वरून तांब्याची किंवा स्टीलची नळी. पूड कोरडी असेपर्यंत उत्तम इन्सुलेशन. पण ती हवेतली ओल पटकन ओढून घेते. उन्हाळाभर गिझर बंद असतो, मग पाऊस पडून हवा गार होते, कुणीतरी पहिल्यांदा तो लावतं आणि आरसीसीबी पडतो. नुसती ओल असेल तर कॉइल काढून, वाळवून, मेगरने तपासून परत बसवता येते. पण "थोडा वेळ डायरेक्ट चालवू, तापला की ओल जाईल" हा उपाय कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. त्या थोड्या वेळात घरातलं कुणीतरी बाथरूममध्ये असतं.

दुसरं कारण पाणी. बोअर आणि टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांमध्ये कॉइल लवकर जाते. सिंहगड रोडवरच्या एका घरात गिझर उघडला, तर कॉइलवर करंगळीएवढा जाड, चुन्यासारखा थर होता. तो खरवडल्यावर वळणाच्या जागी केसाएवढी तडा दिसली. टेस्टरने, मल्टिमीटरने कॉइल धडधाकट दिसत होती, कारण तार तुटलेली नव्हती. ५०० व्होल्टचा मेगर लावला तेव्हा काटा शून्याला चिकटला. चांगल्या सर्किटमध्ये तो एक मेगाओहमच्या वर हवा. एक मेगाओहम म्हणजे २३० व्होल्टला गळती जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर. त्या घरात आधी आलेल्या माणसाने मल्टिमीटर लावून "गिझर ओके" म्हटलं होतं. मेगर न लावता कुणी गिझरला ओके म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका.

थर साठू नये म्हणून पाणी खारं असेल तिथे दरवर्षी पावसाळ्याआधी गिझर उघडून साफ करून घ्या, आणि त्याच वेळी टाकी गंजू नये म्हणून आत असलेला अ‍ॅनोड रॉडही बघून घ्या.

बाहेरचे पॉइंट

पाऊस चालू असतानाच पडतो आणि ऊन पडलं की दोन दिवसांत आपोआप बरं होतं, असं असेल तर बाल्कनीतला वॉशिंग मशिनचा बोर्ड, गच्चीवरचा दिवा, दाराबाहेरची बेल, विंडो एसीचा सॉकेट या क्रमाने बघा. स्लॅबमधल्या पाइपातून पाणी झिरपत थेट पंख्याच्या पॉइंटपर्यंत येतं. पत्र्याच्या बॉक्समध्ये उघड्या जॉइंटवर नुसती काळी टेप असते, ती ओली झाली की संपलं. बाहेरच्या बोर्डात मुंग्यांनी आणलेली माती आणि पालीची लेंडी सापडणं नेहमीचं आहे, आणि ओली झाल्यावर त्यातूनही करंट वाहतो. बाहेर साधा बोर्ड न ठेवता झाकणाचा वॉटरप्रूफ बसवा, वायर खालून आत न्या, आणि जॉइंट टेपने गुंडाळण्याऐवजी कनेक्टरमध्ये घ्या.

नुकतंच फर्निचर किंवा पडद्यांचं काम झालं असेल तर कारपेंटरने ड्रिल कुठे मारलं ते आठवा. बोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला वायर असते. तिला स्क्रू नुसता घासून गेला असेल तर भिंत कोरडी असेपर्यंत काही होत नाही, ओल धरली की गळती सुरू.

इन्व्हर्टर असलेली घरं

याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. इन्व्हर्टर बसवणारा माणूस दिवे-पंख्यांचा फेज इन्व्हर्टरवर घेतो आणि न्यूट्रलला हात लावत नाही. घरात एकच आरसीसीबी असेल तर सहसा चालून जातं. पण दोन आरसीसीबी असतील, किंवा थ्री-फेज कनेक्शनमध्ये प्रत्येक फेजला वेगळा असेल, तर इन्व्हर्टरचा फेज एका आरसीसीबीतून येतो आणि दिव्यांचा न्यूट्रल दुसऱ्याला परत जातो. एकाला वाटतं करंट गेला तो आलाच नाही, दुसऱ्याला वाटतं न गेलेला करंट परत आला. दोन्ही बरोबरच पडतात. इन्व्हर्टर बसवल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल आणि दोन्ही एकदम पडत असतील, तर दुसरं काही शोधू नका. इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीखाली आणून घ्या.

आणखी एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. आरसीसीबी पडला की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. दिवे-पंखे चालू राहतात, त्यामुळे आरसीसीबी पडलाय हे रात्रभर कळत नाही आणि सकाळी फ्रिजमधलं दूध नासलेलं सापडतं. दूध जाऊ दे. पण मेन खाली आहे म्हणून कुणी निर्धास्तपणे दिव्याचा बोर्ड उघडला, तर त्यात इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट असतात, आणि बॅटरीवर चालताना त्या वायरींना आरसीसीबीचं संरक्षण मिळेलच असं नाही. बोर्ड उघडण्याआधी इन्व्हर्टर बंद करा, त्याची पिन काढा आणि टेस्टर लावून बघा.

थोडीथोडी साठलेली गळती, आणि वीज

कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, इंडक्शन, वॉशिंग मशिन यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा करंट अर्थला जातच असतो, कुठे अर्धा मिलिअँपिअर, कुठे दोन. घरून काम करणाऱ्या दोघांचे कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकाच आरसीसीबीवर आले की बेरीज वाढते. कायमची गळती ९-१० मिलिअँपिअरच्या आत राहायला हवी, त्यापुढे जरासं निमित्त पुरतं. लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकत्र लावला की आकडा लगेच कळतो. उपाय म्हणजे सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटून घेणं. ३० चा काढून १०० मिलिअँपिअरचा बसवणं हा उपाय नाही. १०० आणि ३०० चे आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसासाठी नाहीत.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात जवळ वीज कडाडली आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडला, तर एकदा वर करून बघा. राहिला तर विसरून जा.

उलटा त्रास: पडायलाच हवा तेव्हा पडत नाही

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. सप्लाय चालू असताना दाबूनही पडला नाही, तर त्याच दिवशी बदला. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा जाम होते, म्हणून दाबत राहणं तपासणीइतकंच तिच्या तब्येतीसाठीही गरजेचं आहे. हे बटण फक्त आरसीसीबी तपासतं. घरात अर्थिंग अजिबात नसलं तरी ते दाबल्यावर आरसीसीबी पडतो, त्यामुळे त्यावरून अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका. पेठांमधल्या जुन्या घरांत अर्थिंग नसताना आरसीसीबी बसवला तर माणसाला धक्का लागल्यावर तो पडेल, आणि तेही काही कमी नाही. अर्थिंग असेल तर मात्र दोष झाल्या क्षणी, कुणी हात लावायच्या आधीच पडेल.

जुन्या इमारतींत कधी कधी अर्थची वायर आतून गेलेला, मोठ्या खोक्याचा जुना ईएलसीबी सापडतो. तो अर्थच्या वायरीवरचं व्होल्टेज बघतो. थेट फेजला हात लागलेल्या माणसाला तो वाचवत नाही. बदलून टाका.

नव्या आरसीसीबीनेही काही गोष्टी होत नाहीत, हेही माहीत असू द्या. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि माणूस जमिनीपासून वेगळा असेल, तर जाणारा-येणारा करंट सारखाच राहतो, तो पडत नाही. इमारतीचा न्यूट्रल तुटून व्होल्टेज भलतंच वाढलं, तरीही नाही. मीटरपर्यंतचा दोष महावितरणचा, त्यासाठी १९१२ ला फोन करा.

बदलायचाच असेल तर

पुण्यातल्या तपकीर गल्लीत विजेचं सगळं सामान मिळतं, त्यामुळे काय हवं ते लिहूनच जा: दोन-पोल, ३० मिलिअँपिअर, ए टाईप, आणि अँपिअर मेन एमसीबीइतके किंवा त्याहून जास्त, म्हणजे बहुतेक फ्लॅटना ४०. एसी टाईप थोडा स्वस्त असतो, पण आजच्या इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशिनमधल्या दोषाचा करंट तो नीट ओळखेलच असं नाही. वर आयएसआय चिन्ह आणि आयएस १२६४० छापलेलं बघा, पक्कं बिल घ्या. खर्चाची तयारी असेल तर गिझरला वेगळा आरसीबीओ बसवा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात, म्हणून गिझर बिघडला तर एकटा गिझरच बंद पडतो, अख्खं घर अंधारात जात नाही.

नवा बसवून झाला की वायरमनला तसंच जाऊ देऊ नका. 'टी' दाबून पडतो का ते त्याच्यासमोर बघा. त्याच्याकडे सॉकेटमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर असेल तर बाथरूम, किचन आणि बाल्कनीच्या सॉकेटवर लावून दाखवायला सांगा. डीबीवरच्या बटणाने पडला पण एखाद्या सॉकेटवरून पडला नाही, तर त्या सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं आहे. ते त्याच दिवशी जोडून घ्या.